एकही तडा नाही

मी वनीस. आमच्या गावच्या चर्चमध्ये वेदीवरची भाकर मी भाजतो, सव्वीस वर्षं झाली. माझ्या भाकरीला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती, आणि मला त्याचा माज होता. आता कशाला लपवू?

चर्चच्या मागच्या खोलीत उपाशीपोटी जायचं, तोंडात पाण्याचा थेंब नाही. स्तोत्रं म्हणत पीठ मळायचं, क्रुसाचा ठसा मारायचा, भोवती पाच भोकं पाडायची. मग टोपली आमच्या पाद्रींपुढे, अबूना बिस्तावरोसांपुढे न्यायची. ते एकेक भाकर उलटीपालटी करून बघतात आणि त्यातली निर्दोष एक वेदीसाठी निवडतात. बाकीच्या लोकांत वाटतात. तडा गेलेली तर टोपलीत घालायचीच नाही.

ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाला त्याच आठवड्यात मिन्या शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला, तफीदाला घरी पाठवलं. तिचं यकृत गेलं होतं. मी नवस बोललो. चाळीस दिवस रोज भाकर मीच भाजीन. आतून कडी लावून, दीडशेची दीडशे स्तोत्रं पुरी करीन, मध्ये दुसरा एक शब्द बोलणार नाही. भट्टीतून निघालेल्या एकाही भाकरीला तडा गेला नाही, तर तफीदा उठेल.

अबूनांना कळलं तेव्हा ते माझ्यावर उखडलेच. "हे तुला कुणी सांगितलं रे? देवानं?"

"मीच ठरवलं, अबूना."

"म्हणजे तू ठरवणार आणि त्यानं पाळायचं? तुझ्या घामानंच भागणार होतं, तर तो क्रुसावर कशाला गेला? ती त्याच्या हातात आहे बाबा, तुझ्या पिठात नाही. बरी होईल की नाही, मलाही ठाऊक नाही. विश्वास टाक त्याच्यावर आणि घरी जाऊन तिच्यापाशी बस."

नुसतं बसायचं? बसून कुणी बरं होतं का? मला त्यांचा रागच आला. मी आणखी शंभर दंडवतं वाढवली.

घरी पोचेपर्यंत दुपार उलटून जायची. गुडघे सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. मसुरीचं कढण ढोसायचं आणि आडवं व्हायचं. तफीदा खाटेवरून बघत राहायची.

"नवरा आहेस की पाहुणा?" एकदा म्हणाली. "जरा बस ना इथं."

"तुझ्यासाठीच मरतोय ना मी!"

"मरतेय मी, वनीस. तू नुसता बस."

अडतिसाव्या दिवशी एका भाकरीला तडा गेला. केसाएवढा, पण गेला. मी ती झग्याच्या खिशात कोंबली आणि दुसरी भाजली. टोपलीत नाही, म्हणजे मोजायची नाही, अशी स्वतःची समजूत घातली. देवाला फसवायला निघालो होतो मी!

घरी झगा खुंटीला लावला आणि झोपलो. उठलो तर भाकर तफीदाच्या हातात. नर्जिसनं, शेजारणीनं, खिसा फुगलेला बघून काढून दिली होती. तफीदाला दोन दिवस काही गिळवत नव्हतं, पण त्या भाकरीचा तुकडा ती चघळत होती.

"अगं, ती खराब आहे!" मी ओरडलो.

"छान आहे की." ती हसली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही आणलंस. उद्या जाऊ नकोस."

"दोनच दिवस राहिलेत, तफीदा. दोनच."

तिनं उरलेला तुकडा उशीखाली ठेवला.

चाळिसाव्या दिवशी अकरा स्तोत्रं उरली होती, तेव्हा दार वाजलं. "वनीसभाऊ, उघडा! अहो, उघडा!" नर्जिसचा आवाज. मी ओळखला. देवाशप्पथ, ओळखला. पण मध्ये बोललो तर चाळीस दिवस पाण्यात. मी आवाज चढवून स्तोत्र म्हणू लागलो. ती बडवत राहिली. मग थांबली.

सात भाकरी निघाल्या. सातही अखंड, गोल, ठसा कसा लख्ख उठलेला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. टोपली घेऊन दार उघडलं. नर्जिस पायरीवर बसली होती.

"बघ नर्जिस, एकही तडा नाही!"

तिनं टोपलीकडे पाहिलंच नाही. "गेली, भाऊ."

मी टोपली पायरीवर ठेवली.

"मी हाका मारत होते तेव्हा होती," नर्जिस म्हणाली. "तिनंच धाडलं होतं मला. म्हणाली, त्याला सांग, हात धुवायलासुद्धा थांबू नकोस. पिठाच्या हातांनी तसाच ये."

अबूनांनी मला एक शब्द सुनावला नाही. त्यांनी सुनावायला हवं होतं. उशीखालचा तुकडा त्यांनीच तिच्या हातात ठेवला आणि शवपेटी बंद करायला सांगितली.

मी अजून भाजतो. तडा जातो कधीकधी. स्तोत्रं जमतील तेवढी म्हणतो, मोजत नाही. आतून कडी मात्र लावत नाही. दार उघडंच असतं, आणि कुणी बोलवायला येत नाही.