टबाची जागा

ठेकेदाराचा एक नियम होता: घर दोघांचं असेल तर बदल दोघांच्याही कानांवर घालायचा. या वेळी भिडेपोटी त्याने तो मोडला आणि तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

काम बाथरूमचं होतं. ताईंनी, म्हणजे घरमालकिणीने, खिडकीखाली टब ठरवला होता. दिवसभर दुकानात उभं राहून त्यांची कंबर धरायची. गरम पाण्यात जरा पडून राहावं, एवढंच मागणं. जुन्या फरशा फोडून झाल्या आणि साहेबांचा, त्यांच्या नवऱ्याचा, फोन आला. टब रद्द करा, उंबरा काढा, चाकांची खुर्ची जाईल एवढं दार रुंद करा, भिंतीला धरायला दांडे लावा. त्यांची आई पडली होती, आता इथेच राहायला येणार होती. हिला मी सांगतो, तुम्ही काही बोलू नका, असं ते म्हणाले आणि ठेकेदार हो म्हणून बसला.

साहेब काही सांगेनात. कामावर निघताना ताई रोज विचारायच्या, टब कधी येणार? हा तोंडात मिठाची गुळणी धरून चौकटीची मापं घेत राहायचा. एकदा तर मोजून झालेल्या भिंतीलाच पुन्हा टेप लावला. नळवाला वेगळाच खोळंबला होता. पाइप कुठून न्यायचा ते सांगा, नाहीतर मी दुसऱ्या कामावर चाललो, म्हणत होता. सांगावं तर साहेबांना दिलेला शब्द मोडतो, गप्प बसावं तर ताईंच्या घरात काम करून ताईंचीच फसवणूक. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी दांडे घरपोच आले, आणि खोकं नेमकं ताईंनी उघडलं. एक दांडा हातात घेऊन त्या बाथरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे टबाचं आहे?"

"नाही, ताई." त्याला थापही सुचेना. "साहेबांना बोलावून घ्या. ते येईपर्यंत मी हातोडा उचलत नाही."

साहेब आले. फुटक्या फरशांच्या ढिगापाशी उभं राहून सारवासारव करू लागले. म्हणे, योग्य वेळ बघत होतो. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ठेकेदाराला विचारलं, खुर्ची आत वळेल का?

वळेल, टब नसला तर, तो म्हणाला.

"मग टब नको." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आईंना मी नाही म्हणेन, असं वाटलं तुला?"

साहेबांनी पायाशी पडलेला फरशीचा तुकडा ढिगावर सरकवला.

"आणि तुम्ही," त्या ठेकेदाराला म्हणाल्या, "रोज माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसलात."

त्या दिवसापासून ताई प्रत्येक फरशी स्वतः ठोकून बघू लागल्या, आणि तो मुकाट्याने बाजूला सरकून उभा राहायचा. सासूबाई आल्या तेव्हा खुर्ची न अडखळता आत गेली. पुढे स्वयंपाकघराचं काम निघालं, ते मात्र ताईंनी दुसऱ्याला दिलं.