खळ

चौथा चमचाही हनुवटीवरून खाली ओघळला, तेव्हा म्हाताऱ्याने खांद्यावरचा नवाकोरा टॉवेल ओढला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलेल्या बायकोचं तोंड पुसलं. पुसलं म्हणजे काय, हनुवटीवरचं सूप गळ्यापर्यंत नेऊन पोचवलं. टॉवेल होता तसाच कोरडा, पांढराशुभ्र, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

"घे ना गं. एकच घोट."

तिने ओठ घट्ट मिटले. पक्षाघाताच्या झटक्याने तिची उजवी बाजू नेली होती आणि वाचाही नेली होती. पण उरलेली डावी बाजू दोन्ही बाजूंचा हट्ट एकटीने सांभाळत होती.

डॉक्टर सकाळी येऊन गेले होते. जिना उतरताना म्हणाले, "गिळता येतंय त्यांना. पण मनावरच घेत नाहीत. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." म्हाताऱ्याने नळी पाहिली होती. रुग्णालयात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ती होती. तो सारखा नळी उपसायचा, म्हणून त्याचे हात पट्टीने खाटेला बांधून ठेवले होते. हिचा एकच हात चालत होता. म्हणजे बांधायचा झाला, तर तोच.

म्हणून सकाळपासून म्हाताऱ्याने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं! मोठा चमचा झाला, छोटा झाला, औषधाचं बूचही झालं. आधी विनवणी केली, मग धमकी दिली, मग विनवणी आणि धमकी एकाच वाक्यात घातली. सूप किती छान झालंय हे दाखवायला त्याने स्वतः एक चमचा घेतला, मग आणखी एक, आणि वाटी रिकामी झाल्यावर मुकाट्याने दुसरं सूप करायला ठेवलं.

आणि दर घासाला टॉवेल. तोंड पुसायचा हात जवळ आला की ती मान फिरवायची. तेवढं मात्र नक्की कळत होतं, की तिला नको आहे. काय नको आहे, हे कळत नव्हतं. म्हाताऱ्याने आपल्या परीने अर्थ लावला होता. त्याला वाटत होतं, तिला आता काहीच नको आहे.

टॉवेल त्यानेच आणले होते. जुने तिने शिवलेले होते. खालच्या बेकरीतून पिठाची रिकामी सुती पोती यायची. ती उसवायची, कापायची, कडा दुमडून शिवायची. धुऊन धुऊन पीठ कंपनीचा निळा शिक्का पुसट व्हायचा आणि शेवटी एखादाच शब्द उरायचा. एका टॉवेलवर 'शुद्ध' राहिलं होतं, दुसऱ्यावर 'वजन'. भांडी ती घासायची आणि तो पुसायचा, ही लग्नापासूनची वाटणी. त्याचा सगळा संसार 'वजन'ने भांडी पुसण्यात गेला होता. टॉवेल पुन्हा खुंटीवर येतो कसा, याची चौकशी त्याने कधी केली नव्हती. येतो, एवढं त्याला पुरेसं होतं.

तिला घरी आणायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "स्वच्छता ठेवा." त्याने घरभर नजर फिरवली. खुंटीवर पिवळट, हळदीच्या डागांची, लोळागोळा झालेली फडकी दिसली. त्याने ती सगळी कचऱ्यात टाकली आणि दुकान गाठलं.

"हे बघा काका, पिठाच्या पोत्याचं कापड. अस्सल सुती," दुकानदार म्हणाला. "हल्ली लोक मुद्दाम मागून नेतात."

"आमच्याकडे फुकट यायची ही पोती."

"म्हणून तर आता विकत मिळतात."

दुकानदाराने एक मऊसर टॉवेल पुढे केला. म्हाताऱ्याने तो नाक मुरडून परत सारला. "हा वापरलेला वाटतो." मग दुकानदाराने दुसरा काढला आणि अर्धवट उघडून गल्ल्यावर ठेवला. टॉवेल उभा राहिला. स्वतःच्या पायावर उभा असलेला टॉवेल म्हाताऱ्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने तसलेच द्यायला सांगितले.

पाचव्या चमच्याला तिने त्याच्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा ओठ थरथरला.

"ख…"

म्हाताऱ्याचा चमचा हवेतच राहिला.

"खळ."

आठवडे गेले होते तिचा आवाज ऐकून. आणि आला तो हा शब्द! म्हाताऱ्याला हे नाव तिनेच दिलं होतं. लग्नाच्या नव्या नवलाईत कचेरीच्या स्नेहसंमेलनात त्याने नाटकात काम केलं होतं. भूमिका दुष्टाची. नायकाने "खळा, थांब!" म्हणून गरजायचं आणि याने गडगडाटी हसायचं. नायक गरजला. हा थांबला, इतका थांबला की हसायचं विसरला, आणि वर नम्रपणे म्हणाला, "हो, थांबतो." पहिल्या रांगेत ती एकटी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती. तेव्हापासून घरात 'अहो' गेलं आणि 'खळ' आलं. खळ, दूध नासलंय. खळ, पेपर नंतर वाचा. मुलीच्या शाळेत पालकांच्या सभेत तिने चारचौघांत "खळ, इकडे बसा" म्हटलं, तेव्हा मुख्याध्यापिका अंग चोरून बाजूला सरकल्या होत्या.

त्याने मुलीला फोन लावला.

"बाळ, आई बोलली!"

"काय? काय म्हणाली?"

"खळ म्हणाली!"

पलीकडे मुलगी रडत होती की हसत होती, ते कळेना. "बाबा, अहो, हाक मारली तिने तुम्हाला!"

"मग! पहिला शब्द मी आहे. तुझं नाव आलेलं नाही अजून, वाईट वाटून घेऊ नकोस."

"जेवली का पण?"

"आता जेवेल. माणूस ओळखलं की जेवतंच."

"मी मावशीला कळवते. आणि मी सकाळी डॉक्टरांच्या आधी पोचतेय. बाबा, तोवर काहीतरी जाऊ द्या पोटात. ती नळी नको."

म्हाताऱ्याने केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "हं, हा आला बघ खळ."

"खळ," ती म्हणाली. टॉवेलकडे हात करून म्हणाली.

त्याला वाटलं, तिला ते नाटक आठवतंय. त्याने टॉवेल खांद्यावर शेल्यासारखा घेतला. टॉवेल शेल्यासारखा पडला नाही, फळीसारखा बाहेर आला. चमचा खंजिरासारखा धरला. इतक्या वर्षांपूर्वी राहून गेलेलं गडगडाटी हसू त्याने त्या स्वयंपाकघरात हसून घेतलं आणि हसता हसता चमचा तिच्या ओठांशी नेला.

"खळ!" ती किंचाळली. डाव्या हाताचा फटका वाटीला बसला. सूप जमिनीवर पसरलं.

म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि पुसायला लागला. सूप इकडून तिकडे गेलं, तिकडून इकडे आलं. टॉवेलवर त्याचे मणी उभे राहिले आणि घरंगळून पुन्हा जमिनीवर उतरले. तो जोर लावून घासत राहिला. सूप त्याच्या बाह्यांत शिरलं, धोतरात शिरलं, फक्त टॉवेलमध्ये शिरलं नाही.

"बांधतील तुझा हात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला थांबवता यायचं नाही. मी काय करू ते तरी सांग. हाक मारतेस आणि ढकलून देतेस. मी काय करू गं?"

डावा हात खाली आला. तिने टॉवेलचं टोक पकडून मांडीवर ओढलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं आणि चोळलं. कापडाच्या दुकानात ती हेच करायची आणि दुकानदारांचे चेहरे पडायचे. चोळता चोळता तिच्या गडद झग्यावर पांढरी भुकटी पडली. तिने ती त्याला बोटाने दाखवली.

"खळ," ती हळू म्हणाली. मठ्ठ माणसाला सांगतात तसं.

म्हाताऱ्याने भुकटीकडे पाहिलं. टॉवेलकडे पाहिलं.

"कापडाची खळ. नवं कापड ताठ करायला लावतात ती," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले आणि उघडले.

तो तसाच ओल्या जमिनीवर बसून राहिला. म्हणजे हाक नव्हतीच. तक्रार होती. मुलीने एव्हाना मावशीला कळवलं असेल, मावशीने सगळ्या गोतावळ्याला. ज्या शब्दासाठी त्याने केसांवरून पाण्याचा हात फिरवला होता, तो एका टॉवेलला उद्देशून होता.

मग तो उठला आणि त्याने मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

"उकळतं लागेल?"

डोळे मिटले. हो.

"साबण?"

हो.

सगळे टॉवेल पातेल्यात गेले. पाणी दुधासारखं झालं. त्याने ते ओतलं, टॉवेल चोळले, पिळले आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. अजून नाही. पुन्हा उकळले. पुन्हा पिळताना त्याच्या लक्षात आलं, की खुंटीवर आपोआप येणाऱ्या त्या फडक्यांमागे एवढं सगळं होतं. दुपारच्या उन्हात गॅलरीत टॉवेल वाळत घातले, तेव्हा त्यांचा ताठा पार उतरला होता. दुकानात त्याने नाक मुरडून परत दिलेल्या टॉवेलसारखे ते दिसत होते.

फोन वाजला.

"बाबा, मावशी रडायलाच लागली ऐकून. पुन्हा हाक मारली का आईने?"

म्हाताऱ्याने दोरीवरून टपकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "सारखी मारतेय."

ऊन कलताना तो सूप घेऊन बसला. आधी त्याने टॉवेल कोमट पाण्यात बुडवून तिचा गळा पुसला, मग हनुवटी, मग कानामागे वाळलेलं सकाळचं सूप. तिने स्वतःहून मान वर केली, आणि चमचा जवळ आला तेव्हा तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं ओघळलं, तर टॉवेलने ते अलगद टिपून घेतलं. दुसरा गेला. बोललो तर मोडेल, अशा धाकाने म्हातारा नुसता भरवत राहिला. वाटीचा तळ दिसायला लागला.

"खळ," ती म्हणाली.

वाटी तशीच ठेवून तो लगबगीने मोरीपाशी गेला आणि टॉवेलचं एक टोक नळाखाली धरलं. पाणी झरझर वर चढत त्याच्या बोटांपर्यंत आलं. दुसरं टोक धरलं. तेही प्यायलं.

"नाही गं राहिली," तो मागे वळत म्हणाला. "गेली सगळी. हे बघ."

ती टॉवेलकडे बघत नव्हती.