चौथा मंगळवार

ताईला दवाखान्यातून घरी सोडताना नर्सबाईंनी दोनदा बजावलं होतं, "आतलं अस्तर जाळलंय, गर्भाशय आहे तिथंच आहे. रक्त दिसलं नाही तरी पोटात दुखायला लागलं, की लगेच या." ताईच्या चपला शोधता शोधता तिची धाकटी बहीण हसली होती. "अहो, दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, ते थांबलं हेच खूप झालं."

धाकटीचं काम लॅबमध्ये. ऑपरेशनमधून आलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढून काचपट्टीवर घ्यायचे. तेवढा वेळ तिची आठ महिन्यांची छोटी ताईकडे. अधूनमधून सकाळीच ताईचा फोन यायचा, "आज छोटीला नको आणूस, पोटात गॅस धरलाय," की हिची रजा पडायची.

त्या सोमवारी, तीस मार्चला, रजेचं रजिस्टर चाळत सर म्हणाले, "तुमच्या ताई आजारीसुद्धा वेळापत्रक लावून पडतात की. सहा जानेवारी, तीन फेब्रुवारी, तीन मार्च. सगळे मंगळवार."

सगळे हसले. हसतच धाकटीने पुढची काचपट्टी भिंगाखाली सरकवली. कुणा बाईचं गर्भाशय; अस्तर जाळल्यावर दोन वर्षांनी काढावं लागलेलं. मधे सगळा गुलाबी, घट्ट व्रण. भिंती एकमेकींना चिकटून पोकळीच बुजलेली. पण वर कोपऱ्यात अस्तराची एक चिंचोळी पट्टी शाबूत होती, आणि तिच्याखाली वाट न सापडलेलं, तपकिरी पडलेलं रक्त.

तिने बोटांवर मोजलं. अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस. पुढचा मंगळवार उद्याच.

तिने लगेच फोन लावला. "ताई, दुखतंय का गं? तुझं पोट दर अठ्ठावीस दिवसांनी दुखतंय, पाळीसारखं. रक्त आतच अडकत असेल. पुढची तारीख उद्याची."

"आज कुठलं? उद्या विचार," ताई हसली. "आणि पाळीच नाही, तर पाळीचं दुखणं कसलं? लॅब डोक्यात गेलीय तुझ्या."

"दर वेळी वाढतंय का?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "मागच्या वेळी चक्कर आली होती. तान्ह्या पोरीची आई तू, तुला कशाला घोर लावायचा."

"उद्या सकाळीच दवाखान्यात जाऊ. तयार राहा."

सकाळी फोन नुसता वाजत राहिला. छोटीला कडेवर घेऊन धाकटीने ताईचं दार किल्लीने उघडलं. ताई ओट्याखाली मुटकुळं करून पडली होती, ओठ पांढरे. फरशीवर रक्ताचा थेंबही नव्हता.

आता दवाखान्यात ताईला आत नेलंय. दाराशी बसलेली धाकटी शेजारच्या बाकावरच्या बाईला जे सांगते आहे, तेच तुम्हालाही सांगते: तुमच्या घरात कुणाचं असं अस्तर जाळलेलं असेल, तर तिला आज फोन करा. रक्ताचं विचारू नका. दुखतं का, आणि कोणत्या तारखांना, ते विचारा.