खेळाबाहेरची थाप

पाहुणे जमले की त्या घरात हटकून एक खेळ व्हायचा. जाड शब्दकोशातून कुणी कधी न ऐकलेला शब्द काढायचा, प्रत्येकाने त्याचा खोटा अर्थ रचायचा आणि ज्याची थाप सर्वांत जास्त जणांना पटेल तो जिंकला. धाकटा मुलगा कधी हरत नसे. औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करणारा हा गडी थाप मारताना इतका गंभीर दिसे, की घरचे त्याला 'प्रोफेसर' म्हणत.

त्या दिवशीही तोच जिंकला आणि हरभऱ्याच्या झाडावर चढला. "दुकानातही मी हेच करतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतं, डॉक्टर अमुक म्हणाले, म्हणजे काय हो? मला कुठे ठाऊक असतं? देतो काहीतरी ठोकून. माणूस खूश होऊन जातो."

सगळे खो-खो हसले. वहिनी मात्र हसली नाही.

"भाऊजी, डॉक्टर म्हणाले ते फायब्रिलेशन म्हणजे दगदगीने होणारी धडधड, असं मला सांगितलं होतंत. तेही ठोकूनच?"

प्रोफेसरने हातातला शब्दकोश मिटला.

"मला बरं वाटायला लागलं, म्हणून मी गोळ्या बंद केल्या," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांना पुन्हा विचारायची लाज वाटली. घरचाच माणूस औषधांच्या दुकानात आहे, म्हटलं."

आई ताडकन उठली. "खेळात तू खोटं बोलतोस हे आम्हाला ठाऊक असतं. हिला ठाऊक होतं का? त्या गिऱ्हाइकांना असतं का? तुझा खेळ होतो आणि लोकांचा जीव जातो! 'माहीत नाही' म्हणाला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?"

आणि आपण तरी काय वेगळं करतो? कुणी रस्ता विचारो, आजार विचारो, कायदा विचारो, ठाऊक नसतानाही छातीठोकपणे सांगतोच ना! आपलं अज्ञान झाकायला दुसऱ्याला खड्ड्यात घालायचं, ही कुठली हुशारी?

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रोफेसर वहिनीला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टर चांगलेच संतापले. "फायब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, दगदगीची धडधड नव्हे. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली असती, तर अर्धं अंग लुळं पडलं असतं. तुम्ही धड चालत आलात, हे तुमचं नशीब." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. घरी येईपर्यंत प्रोफेसरला वहिनीकडे मान वर करून बघवेना.

दुपारी दुकानात एका म्हाताऱ्याने असाच एक शब्द विचारला. ठोकून द्यायचा अर्थ अगदी जिभेवर आला होता.

"आजोबा, मला माहीत नाही. थांबा, तुमच्या डॉक्टरांना फोन लावून देतो."

"माहीत नाही? मग इथे उभा कशाला राहतोस?" म्हातारा खेकसला.

चार गिऱ्हाइकं हसली. प्रोफेसरने अपमान गिळला आणि फोन लावला. मंडळी, आपलं हसं झालं तर होऊ द्यावं, पण आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याला थाप मारू नये.