वापरलेला पाळणा

दोन शेजारी देशांचं भांडण नेमकं कशावरून पेटलं, हे पुलाच्या अलीकडच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि पलीकडच्या गावातही नव्हतं. एवढंच कळलं, की पलीकडच्या सरकारने आपल्याकडच्या लाकडी सामानावरची जकात दुप्पट केली. मग आपल्या सरकारलाही चेव आला आणि त्याने त्यांच्या साबणावरची जकात तिप्पट केली. परिणाम असा झाला, की अलीकडचे लोक फेस न येणाऱ्या वडीने अंग घासू लागले आणि पलीकडचे लोक पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून कंबर चोळू लागले. दोन्हीकडचे मंत्री मात्र अजून लाकडी खुर्च्यांवरच बसत होते आणि चांगले स्वच्छही दिसत होते.

सुताराचं आणि त्याच्या व्याह्याचं भांडण कशावरून पेटलं, हे मात्र दोन्ही गावांना तोंडपाठ होतं. ते पेटलं एका बाकावरून.

सुतार अलीकडचा. त्याची एकुलती एक मुलगी पुलापलीकडे दिलेली. तिचा सासरा पलीकडच्या जकात नाक्यावर साहेब होता आणि नियमाला इतका पक्का, की दोन्ही गावं त्याला शिक्का म्हणत. बायको चिडली की तीही तेच म्हणे. लग्न ठरलं तेव्हा सुताराने हौसेने जाड फळीचा एक बाक केला आणि पुलाच्या बरोबर मध्ये, हद्दीच्या पिवळ्या पट्ट्यावर ठेवला. दोन पाय या देशात, दोन त्या देशात. रोज संध्याकाळी दोघे व्याही आपापल्या देशात बसत आणि मध्ये शेंगदाण्यांची पुडी ठेवत. पुडी कोणाच्या हद्दीत आहे, हे तेव्हा कुणी पाहत नव्हतं.

जकात वाढली त्या संध्याकाळी शिक्का बाकावर बसलाच नाही. उभ्या उभ्या घसा खाकरत म्हणाला, "व्याही, जरा उठता का? या बाकाचे दोन पाय आमच्या हद्दीत आहेत. त्यांची जकात भरावी लागेल."

सुताराला वाटलं, थट्टा चाललीय. तो खदखदून हसला. शिक्का हसला नाही. तेव्हा मात्र सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा घरी गेला, करवत घेऊन आला आणि भर पुलावर त्याने बाक मधोमध कापला.

"घ्या तुमचे दोन पाय! माझी मुलगी नेलीत, तेव्हा नाही आठवली जकात?"

शिक्का काहीतरी बोलत होता, पण करवतीच्या आवाजात ते ऐकतो कोण! सुताराने आपला अर्धा बाक खांद्यावर टाकला आणि घर गाठलं. दोन पायांवर तो उभा राहीना, म्हणून दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला. मग चहाच्या टपरीवर चार माणसांत त्याने जाहीर केलं, "त्या शिक्क्याच्या नाक्यावर मी एक छदाम भरणार नाही. मोडेन, पण वाकणार नाही."

अशात मुलीला मुलगा झाला.

आता खरं तर सगळं विसरून आजोबाने धावत सुटायचं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सुताराने टपरीवर दुसरी घोषणा केली, "आधी माझ्या हातचा पाळणा जाईल, मग मी जाईन. आणि पाळणा जाईल तो जकात न भरता!" घोषणा करून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण स्वतःलाच कोंडून घेतलंय. पण आता बोलून बसला होता. सुतारीण दर दोन दिवसांनी पूल ओलांडून नातवाला बघून येई. ती आली की हा रंधा मारता मारता विचारी, "नाक कोणावर गेलंय?"

"स्वतः जाऊन बघा," ती म्हणे आणि मुद्दाम आत निघून जाई. तिच्या पदराला बाळाच्या तेलाचा वास येत असे, आणि तो वास आला की सुताराचा रंधा आपोआप थांबे.

फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, तो साबणाच्या खोक्यात झोपतो हो. इथं न खपलेल्या साबणाची खोकीच खोकी पडलीत."

आपला नातू खोक्यात! सुताराने जीव ओतून पाळणा केला. खाली झुलायला दोन कमानी, कडेला गोल गजांचा कठडा, आणि कुठेही बोट फिरवा, कुसळ लागणार नाही असा.

पाळणा झाला, पण पूल कसा ओलांडायचा? तोड सुतारिणीने काढली. "अहो, वापरलेल्या घरगुती वस्तूंवरची जकात त्यांनी आता उठवलीय. मागच्या आठवड्यात शेजारणीने जुना पलंग नेला की लेकीकडे. शिक्क्याने स्वतः सोडला."

"पण हा तर कोरा आहे."

"मग वापरा की!"

झालं, पाळणा वापरण्याचा उद्योग सुरू झाला. समोरच्या बिऱ्हाडातलं तान्हं आणून निजवलं, तर त्याने असा टाहो फोडला की त्याची आई भांडायला आली. शेवटी दुकानातलं मांजर आपणहून पाळण्यात गेलं आणि तीन दिवस तिथंच लोळलं. सुतारिणीने कठड्यावर किल्ल्यांचा जुडगा घासला, कडेला चहा सांडला, एका कमानीवर लाटणं आपटलं. सुतार प्रत्येक घावाला डोळे मिटून घेत होता.

"आता कसा घरातला वाटतो," ती म्हणाली. "उद्या सकाळी न्यायचा. आणि तुम्ही याला हात लावायचा नाही."

सकाळी ती चहा ठेवायला आत गेली. सुतार पाळण्यासमोर उभा राहिला. बाकी सगळं ठीक होतं, पण कठड्यावरचा तो एक ओरखडा फारच डोळ्यांत खुपत होता. एवढा एकच, असं म्हणून त्याने पॉलिशपेपर घेतला. ओरखडा गेला, पण तिथला रंग फिका पडला, म्हणून लाखेच्या पॉलिशचा हात फिरवला. मग शेजारचा गज मळका दिसायला लागला. जित्याची खोड ती. सुतारीण चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा पाळणा नव्या नवरीसारखा झळकत होता आणि मांजर खाली बसून नाराजीने बघत होतं.

तिने कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे!"

"कुठं काय? दोन ओरखडे तेवढे..." सुतार म्हणाला.

पण मुलीला निरोप गेलेला होता, हातगाडी दारात उभी होती. निघावंच लागलं. पुलावर शिक्का गणवेशात उभा. त्याने पट्ट्यापलीकडूनच पाळणा वरपासून खालपर्यंत न्याहाळला, मग वास घेतला, मग कठड्यावर बोट टेकवलं. बोट चिकटलं.

"नवीन आहे."

"वापरलेला आहे," सुतार म्हणाला.

"कोणी वापरला?"

सुताराने बायकोकडे बघितलं. बायकोने नदीकडे बघितलं.

"मांजराने."

भोवती जमलेली दोन्ही देशांची माणसं फिदीफिदी हसली. सुताराचे कान तापले. "हसा! तुमच्या सरकारने सुरुवात केली, म्हणून ही वेळ आली!"

"आणि तुमच्या सरकारने काय आरती ओवाळली? आमचं अर्धं गाव साबणावर जगतं, व्याही. साबणाचा कारखाना आठवड्यातून तीन दिवस बंद असतो!"

"म्हणून माझ्या नातवाला खोक्यात निजवता?"

"तो माझाही नातू आहे!" शिक्का ओरडला. मग एकदम आवाज खाली आणून, पाळण्याची पुढची कमान जिथं पिवळ्या पट्ट्यापलीकडे आली होती तिथं बोट दाखवत तो म्हणाला, "पाळणा आमच्या हद्दीत शिरलाय. मागे घ्या. आणखी. पूर्ण मागे." आणि पाठ फिरवून नाक्याच्या खोलीत निघून गेला.

सुताराच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस संताप पुरला होता, आता तोही पुरेना. पलीकडे कुठेतरी आपलं नाक घेऊन आलेला एक जीव खोक्यात पडलाय आणि आपण पॉलिशपायी त्याचं तोंड बघायला मुकलो, एवढंच त्याला कळत होतं. त्याने हातगाडी वळवायला घेतली.

"थांबा जरा," सुतारीण म्हणाली.

शिक्का खोलीतून बाहेर येत होता. त्याच्या हातात दुपट्याचं गाठोडं होतं आणि मागून सुताराची मुलगी, ओठ दाबून हसू आवरत. ती सकाळपासून तिथंच येऊन बसली होती. पिवळ्या पट्ट्याला बुटांची टोकं टेकतील असा शिक्का थांबला. गणवेशात हद्द ओलांडायची नाही, हा नियम. त्याने हात पुढे केले.

"बाळावर जकात नाही. धरा."

सुताराने धरलं. नाक त्याच्यावर गेलं नव्हतं. नाक सरळ सरळ शिक्क्याचं होतं. पण त्या क्षणी सुताराला तेसुद्धा आवडलं.

"आता निजवा त्याला," शिक्का म्हणाला. "तुमच्या हद्दीतच."

सुताराने नातवाला पाळण्यात ठेवलं. मुलीने दुपटं सैल केलं. बाळाने इकडेतिकडे पाहिलं, पाय झाडले आणि लाखेच्या ताज्या पॉलिशवर, कठड्याच्या ऐन मधोमध, धार सोडली. ओलं पॉलिश बघता बघता पांढरं पडलं. सुताराचा हात सवयीने खांद्यावरच्या फडक्याकडे गेला.

"पुसू नका!" बायको ओरडली, मुलगी ओरडली, शिक्का ओरडला आणि जमलेल्या दोन्ही देशांनीही गिल्ला केला.

फडकं हातात धरून सुतार तसाच उभा राहिला. डाग पसरत होता. आयुष्यात त्याने असा डाग क्षणभर टिकू दिला नव्हता. त्याने फडक्याची घडी घातली आणि खिशात कोंबली.

शिक्का पट्ट्याअलीकडे न येता जमेल तितका वाकला. बराच वेळ त्याने डाग तपासला.

"वापरलेला," तो म्हणाला. "सोडा गाडी."

गाडी पलीकडे गेली आणि मागोमाग सुतारही गेला. नाक्याच्या खिडकीखाली त्याला आपल्या बाकाचा दुसरा अर्धा भाग दिसला. कापलेल्या बाजूला साबणाची खोकी लावून तो उभा केलेला होता, आणि कापलेल्या टोकाला कुणीतरी नियमाने तेल लावत होतं.

"हा भंगारात नाही दिलात?"

"जकात भरलेला माल आहे," शिक्का म्हणाला. "मीच भरली, पगारातून. तुम्हाला उठवलं ते तेच सांगायला. तुम्ही ऐकलंत कुठं?"

सुताराने कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग अर्ध्या बाकावर सरकून बसला आणि व्याह्याला जागा करून दिली. दोघांच्या समोर पाळणा झुलत होता.

"उद्या माझा अर्धा घेऊन येतो. पट्ट्यावर ठेवून जोडून टाकू. वापरलेलाच आहे."

"बाक येईल. पण नव्या खिळ्यांवर जकात आहे, व्याही."

सुताराने नातवाच्या पाळण्याला हलकेच झोका दिला.

"मग वाकडे आणतो," तो म्हणाला.