ताईची कवळी

"आधी हा पंखा पुसून घेतो," मामा म्हणाला. "मेणावर धूळ बसली तर सगळी मेहनत पाण्यात."

"कुठली मेहनत?" मी विचारलं.

मामा स्टुलावर चढला होता. त्याच्या पायांशी, टेबलाच्या कोपऱ्यात, माझ्या आईचे जबडे पडले होते. प्लास्टरचे, वरचा एक आणि खालचा एक, दोन्हींवर आठ महिन्यांची धूळ. त्याला मात्र पंख्यावरची तेवढी दिसली होती.

मामा कवळ्या बनवतो. दातांचे चार डॉक्टर आपलं काम त्याच्या या दहा बाय बाराच्या खोलीत पाठवतात. आई त्याची थोरली बहीण. तिचे उरलेसुरले दात काढून झाल्यावर, जखमा भरल्यावर, मामानं स्वतः तिच्या हिरड्यांचं माप घेतलं, हे साचे ओतले आणि म्हणाला, "पंधरा दिवसांत देतो, ताई."

आई निवृत्त शिक्षिका. अकरा वर्षं दर शनिवारी ती अंधांच्या वाचनालयात मोठ्यानं पुस्तकं वाचून दाखवायची. दात गेले आणि ते थांबलं. वाचनालयानं तिची जागा इतके दिवस राखून ठेवली होती. परवा निरोप आला: शुक्रवारपर्यंत काय ते कळवा, दुसरे एक गृहस्थ वाचायला तयार आहेत. आज गुरुवार होता. मी रजा टाकली आणि सकाळी नऊला मामाच्या खोलीत येऊन बसले.

आळशी माणसाचा मला एवढा राग येत नाही. तो लोळतो आणि लोळतोय हे जगाला दिसतं. मामा लोळत नाही. नऊ ते साडेबारा तो एक क्षणही रिकामा नव्हता. पंखा पुसला. मेण कापायच्या चाकूला धार लावली, मग ती धार जास्त झाली म्हणून कमी केली. दातांच्या पेट्या रंगाप्रमाणे लावल्या होत्या, त्या आकाराप्रमाणे लावल्या. एका डॉक्टरांचा कंपाउंडर तुटकी कवळी घेऊन आला.

"दोन मिनिटांचं काम आहे, करून टाकतो," मामा मला म्हणाला.

त्याला चाळीस मिनिटं लागली. कंपाउंडर जाताना मला सांगून गेला, "तुमचे मामा म्हणजे कामाचा वाघ."

वाघाची एक वही आहे. रोज सकाळी तो तीत कामांची यादी करतो. वही समोरच पडली होती, म्हणून मी चाळली. प्रत्येक पानावर पहिल्या ओळीत "ताई" लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेल्या. दुसऱ्या ओळीपासून बरोबरच्या खुणा सुरू व्हायच्या. एका पानावर "ब्रश धुणे" यालाही खूण होती. पहिल्या ओळीला कुठेच नाही. मी पानं मोजली. दोनशे तीन भरली.

"मामा, दोनशे तीन वेळा लिहिलंस. तेवढ्यात झाली असती."

"मोठ्या कामाला डोकं शांत लागतं गं."

"आठ महिन्यांत एकदाही शांत झालं नाही?"

"तू फार मोजतेस, बाईसाहेब."

"या खोलीत कोणीतरी मोजायला हवं."

तो हसला. त्याचं हसणं फार गोड आहे, आणि त्याच्यावरच त्याचं आयुष्य निभावलंय. "बाहेरचे लोक बोंब मारतात," तो म्हणाला. "त्यांचं आधी करावं लागतं. ताईचं काय, घरचं काम. ती समजून घेते."

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. समजून घेणाऱ्याचा नंबर शेवटी, हा त्याचा नियम होता, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. आईही तशीच. मी चिडले की म्हणायची, "राहू दे. त्याच्यामागे किती कामं असतात." लहानपणी त्याच्या वह्याही तिनंच पूर्ण केल्या असतील, मला खात्री आहे.

मी उठले, शटर खाली ओढलं, त्याचा फोन माझ्या पिशवीत टाकला आणि आईचे जबडे फडक्यानं पुसून त्याच्यासमोर ठेवले.

"अगं, साडेबारा वाजले. जेवून मग..."

"डबा मी आणलाय. दात लागले की जेवायचं."

तो बसला. चिमटा हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मग त्यानं गुलाबी मेण दिव्यावर धरलं आणि पुढचे दोन दात बसवले. एकेक दात तो उजेडाकडे धरून बघायचा, मेणात रोवायचा, केसभर फिरवायचा. दोन्ही जबडे बिजागरीच्या यंत्रात मिटून तो कान लावून ऐकत होता, दात दातांवर कसे टेकतात ते. इतकं नेमकं काम मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेतही फार थोड्या हातांकडून पाहिलं आहे.

साडेचारला तो म्हणाला, "मेणात लागले सगळे. आता तोंडात घालून बघायचं, जमलं की पक्की कवळी."

चार तास. आठ महिने अडलेलं काम चार तासांचं होतं. हे हात आणि त्यांनी काय करावं तर पेट्या लावाव्यात. मला त्याची किळस आली. आणि खरं सांगायचं तर थोडी माझीही. दर रविवारी मी त्याला फोन करून विचारायचे, "झाली का?" आणि फोन ठेवला की माझ्या वाटचं काम झाल्यासारखं वाटायचं. रजेचा अर्ज चार ओळींचा असतो.

घरी आलो तेव्हा आई खिडकीशी बसली होती. आम्हाला बघून तिनं सवयीनं तोंडावर हात धरला. मामानं बॅगेतून कवळी काढली, पाण्यात बुडवली, तिच्या तोंडात बसवली. तिचा चेहरा एकदम वर उचलल्यासारखा झाला. गाल भरले. मी तिच्यासमोर आरसा धरला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"साठपासून आकडे म्हण, ताई. 'स' कसा उमटतो बघू. सावकाश."

"साठ," आई म्हणाली. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट..."

वरची कवळी सुटून खाली आली. आईनं अंगठ्यानं ती वर दाबली. "मीच नीट म्हटलं नाही. सवय गेली ना रे."

मामानं कवळी काढली आणि तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"काय झालं?" मी विचारलं.

"दात नसले की हाड झिजतं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "साचा तेव्हाचा आहे."

"तुला हे माहीत होतं?"

"माहीत असतंच. धंदाच आहे."

"म्हणजे ही कवळी कोणाला बसेल?"

"आठ महिन्यांपूर्वीच्या ताईला," तो म्हणाला. कवळी डबीत ठेवून त्यानं बॅग बंद केली. "पुन्हा माप घ्यावं लागेल. उद्या सकाळी. उद्याचं पहिलं काम तेच."

"उद्या," मी म्हणाले.

"भांडू नका," आई म्हणाली. तिनं फोन उचलला. वाचनालयाचा नंबर तिला पाठ होता. फोन उचलला तो तिथल्या जुन्या व्यवस्थापकांनी. ते स्वतः जन्मापासून अंध, आणि अकरा वर्षं तिच्या समोरच्या खुर्चीत बसून ऐकत आलेले. त्यांचा आवाज मोठा आहे. आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू येत होता.

"मी बोलतेय," आई म्हणाली.

"कोण?"

"मी. शनिवारची."

"कोण बोलतंय? आवाज नाही ओळखला."

आईनं माझ्याकडे फोन द्यावा म्हणून मी हात पुढे केला. तिनं दिला नाही. ओठ मिटले, जीभ ओठांवरून फिरवली आणि वर्गात फळ्यावर लिहावं तसा एकेक शब्द सुटा केला. "शनिवारी... वाचायला... यायची... ती... मी."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "बाई, तुम्ही आहात?"

"हो. त्या गृहस्थांना जागा देऊन टाका. मला अजून वेळ लागेल."

तिनं फोन ठेवला. मामा दाराशी उभा होता, एक पाय चपलेत. मग पाय काढून आत आला, बॅग उघडली आणि मापाच्या पुडीचा डबा बाहेर काढला.

"वाटी दे," तो मला म्हणाला. "आणि गार पाणी."

"उद्या म्हणाला होतास."

त्यानं पूड वाटीत ओतली. पाणी ओतल्यावर ती पूड तीन मिनिटंसुद्धा थांबत नाही, घट्ट होते. तो भराभर घोटत होता. मी घड्याळ बघितलं नाही.

"तोंड उघड, ताई."

तिनं उघडलं. त्यानं लगदा भरलेला मापाचा ट्रे आत दाबून धरला, दोन्ही बाजूंना एकेक बोट. आई छताकडे बघत होती, हात मांडीवर ठेवून. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर उतरली. मामानं ट्रेवरचं एकही बोट न हलवता खांदा झुकवला आणि आपल्या बाहीनं ती पुसली.