पंखावरून गेलेल्या दोघी बहिणी

“वाऱ्याच्या दोन झुळका म्हणजे दोघी बहिणी वं, पोरींनो! विमानाच्या पंखाच्या तोंडाशी आल्या अन् त्यांची ताटातूट झाली. एक वरून गेली, एक खालून. वरचीची वाट बाकदार, लांबची. पण मागच्या टोकाशी संगच पोचू म्हणून बोलून ठेवलेलं, म्हणून धावते बिचारी. तिच्या धावण्यानं वरचा दाब हलका होते, खालची खांदा देते, अन् एवढं मोठं विमान उचललं जाते!”

विश्वनाथ मास्तरांचा हा आवाज प्रेमिलाच्या कानात सोळा वर्षं होता. थोरली कौसल्या उमरेडला हातमागावर विणत बसली, म्हणून धाकटी प्रेमिला नागपुरात शाळेच्या बाकावर बसू शकली. तो धडा ऐकताना तिला वाटायचं, आपल्या दोघींचीही मागच्या टोकाशी गाठ ठरलेली आहे. त्या भरवशावर ती शिकली, अन् त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली.

आता मास्तर रामदासपेठेतल्या दवाखान्यात पडून होते. मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आयुष्यभराचे धडे त्यांनी तिच्याकडून लिहून घेतले होते, अन् सोमवारी ते बाड छापखान्यात जायचं होतं. ती रोज दुपारी येऊन वाचून दाखवायची. खिडकीतल्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास यायचा, अन् वाचता वाचता दोघंही तळ्याकाठी बसल्यासारखी होऊन जायची.

“काहून वं, पंखाचा धडा टाळून राहिली तू? आठ दिस झाले.”

“उजेड कमी आहे जी.”

“मे महिन्यात, भरदुपारी? पट्टी मले बांधली का तुले?”

प्रेमिला हसली, पण हसू ओठांवरच राहिलं.

त्या धड्यासाठी चित्र काढावं म्हणून तिनं काचेची लांब पेटी केली होती. एका टोकाला जुन्या कूलरचा पंखा, मधे सुताराकडून घासून आणलेला सागाचा पंख. उदबत्तीचा धूर रबरी नळीतून चिमटीनं तोडून तोडून सोडला. धुराचे पुंजके कापसाच्या पेळूसारखे तरंगत आले, पंखाशी दुभंगले. अन् वरचा पुंजका खालच्याच्या कितीतरी आधी मागच्या टोकाला पोचला. थांबला नाही. वळूनही बघितलं नाही त्यानं. तिनं काच पुसली, नळी बदलली, तीस वेळा धूर सोडला. तीसही वेळा वरची बहीण एकटीच पुढे निघून गेली.

आता हे कसं सांगायचं? गावोगावच्या पोरी मास्तरांना त्या दोघी बहिणींवरूनच ओळखत. अन् न सांगावं, तर सोमवारी मास्तरांच्या नावानं खोटं छापलं जाणार.

“चित्र झालं ना?” मास्तरांनी विचारलं. “दोघींची भेट चांगली ठसठशीत काढ बरं.”

तिनं बाड मिटलं. मास्तरांना उशीला टेकवून बसतं केलं, त्यांचा हात धरून कूलरच्या झोतात पुढे नेला.

“तळवा आडवा ठेवा जी. आता वाऱ्याकडची कड जराशी उचला.”

हात आपसूक वर सरकला. मास्तर पोरासारखे खुलले. “उचलला वं! उडून राहिला माझा हात!”

“अन् वारं कुठं गेलं, मास्तर?”

मास्तरांनी तळवा वर-खाली कलवून पाहिला, एकदा, दोनदा.

“गुडघ्यावर,” ते हळूच म्हणाले. “गार लागून राहिलं. खाली गेलं ते... काहून पण? मागं भेटाले जायचं होतं ना त्याले?”

प्रेमिलानं त्यांचा हात तसाच झोतात धरून ठेवला.

“त्या भेटत नाहीत, मास्तर. मी डोळ्यांनी पाहिलं. वरची आधीच निघून जाते, खालचीसाठी थांबत नाही. पण पंखाचं मागचं टोक सोडताना दोघीही खाली वाकतात जी, वरचीसुद्धा. त्या खाली वाकतात, म्हणूनच पंख वर जाते.”